हाक न मारता

तळ्याकाठच्या त्या लॉजमध्ये सात खोल्या होत्या आणि गजराचं घड्याळ एकाही खोलीत नव्हतं. त्याची गरजच पडत नसे. हिवाळ्यात सूर्योदयाचे फोटो काढायला येणाऱ्या मंडळींना मालकीण स्वतः उठवायची. दारावर तीन थापा आणि पाठोपाठ खणखणीत आवाज, "उठा, सूर्य काही तुमच्यासाठी ताटकळणार नाही!" तो आवाज कानात शिरल्यावर पुन्हा ज्याचा डोळा लागला, असा माणूस अजून जन्माला यायचा होता. पाहुण्यांनी तिचं नाव गजरबाई ठेवलं होतं. तिला आत्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ही गोष्ट त्याच माणसापायी घडली, म्हणून आपणही तिला आत्याच म्हणू.

आत्याच्या लॉजचे नियम कडक होते. कॅमेरे रात्रभर बाहेरच्या पडवीत, कारण गार कॅमेरा उबेत आणला की काच घामेजते आणि मग पहाटे रडारड. बॅटऱ्या मात्र आत, पांघरुणात, कारण थंडीत त्या मान टाकतात. स्वतःच्या पोरांना कधी कुशीत घेतलं नसेल अशी माणसं तिथे बॅटऱ्या पोटाशी धरून झोपायची. तिसरा नियम पाहुण्यांचा होता. सूर्य वर येईपर्यंत लॉजसमोरच्या बर्फावर कुणी पाऊल टाकायचं नाही. कोऱ्या बर्फात एक ठसा उमटला तरी म्हणे सगळं चित्र नासतं. एरवी शहाणीसुरती असणारी ही मंडळी ठशांपायी एकमेकांच्या अंगावर धावून जायची. एकदा तर दोन प्राध्यापकांना आत्याने कॉलर धरून वेगळं केलं होतं.

चौथा नियम फक्त भाचीसाठी होता. गोठलेल्या तळ्यावर जायचं नाही. का नाही, कुठे नाही, कधी नाही, हे विचारायचं नाही.

भाची म्हणजे आत्याच्या दादाची मुलगी. तिची आई बाळंतपणातच गेली. दादा गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. तळं गोठलं की त्यावरून ये-जा करणाऱ्यांसाठी बर्फ जोखायचा, ही दादाची नोकरी. लोखंडी पहार घेऊन तो सकाळी निघायचा, ठोकून आवाज ऐकायचा आणि जिथे बर्फ पक्का तिथे लाल फडकी लावलेल्या काठ्या रोवायचा. अख्खं तळं त्याच्या तळपायांना पाठ होतं. आणि तरी एका सकाळी तो बर्फाखाली गेला, लॉजच्या दारातून दिसेल इतक्या जवळ. त्यानंतर चोवीस वर्षं आत्याने बर्फावर पाऊल टाकलं नव्हतं. दादाची पहार दारामागे उभी होती ती तशीच.

पोरीला तिने वाढवलं, शिकवलं, ताप आला तर उशाशी बसून राहिली. पोर गुणी निघाली. एवढंसं तोंड, त्याहून एवढासा आवाज. पडली, खरचटलं, तरी कधी भोकाड पसरलं नाही. "माझी पोर मोठ्याने बोलतच नाही," असं आत्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. बापाविषयी पोरीने कधी विचारलं नाही, आणि विचारत नाही हे बरंच, असं म्हणून आत्यानेही तोंडाला कुलूप लावलं. बर्फाचा विषय काढला की दादाचा निघणार, म्हणून बर्फाचाही काढला नाही. तिने पोरीला बर्फाची बंदी घातली, पण बर्फ शिकवला नाही. ही चूक किती मोठी आहे हे तिला पुढे एका सकाळी कळलं.

भाची आता अठ्ठावीस वर्षांची. शहरात दुकानांच्या जाहिरातींसाठी बुटांचे आणि भांड्यांचे फोटो काढायची. सहा वर्षांनी पहिल्यांदा हिवाळ्यात आली होती, कारण एका प्रदर्शनासाठी तिला स्वतःच्या मनासारखा एक तरी फोटो हवा होता. आदल्या संध्याकाळी चुलीशी बसून तिने हळूच विचारलं होतं, "आत्या, सूर्य पलीकडच्या खिंडीतून वर येतो तेव्हा तो डोळ्यातही दिसत असेल, नाही?"

डोळा म्हणजे तळ्याच्या मधोमध असलेलं उघडं पाणी. खालून कोमट झरा येतो, म्हणून तेवढा अंगणाएवढा तुकडा कधी गोठत नाही. पांढऱ्या पसाऱ्यात ते काळं पाणी कुणीतरी टक लावून बघत असल्यासारखं दिसतं.

"बर्फावर जायचं नाही," आत्या म्हणाली.

"बाकीचे जातात की."

"बाकीचे माझे कोण लागतात? नाही म्हणजे नाही."

भाची गप्प बसली. ती नेहमीच गप्प बसायची, त्यामुळे आत्याला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

सकाळी साडेसहाला आत्या थापा मारत निघाली. सातव्या, भाचीच्या खोलीपाशी आली तर दार नुसतं लोटलेलं. अंथरूण नीट घडी घातलेलं, मोबाईल उशीशी. आत्याने चादरीवर हात ठेवला. गार. पडवीत कॅमेरे ओळीने मांडलेले होते आणि शेवटच्या खिळ्यावरची पोरीची पिशवी गायब होती.

आत्या तशीच बाहेर आली. उजाडलं होतं, पण सूर्याला अजून अर्ध्या तासाच्या वर अवकाश होता. लॉजसमोरचा बर्फ कोरा करकरीत होता. डावीकडे, होड्या बांधायच्या धक्क्यापासून मात्र पावलांची एक ओळ निघाली होती आणि मोठ्ठा अर्धगोल घेत तळ्याच्या आत गेली होती. त्या ओळीच्या टोकाला, डोळ्याच्या बाजूला, एक लाल टोपी आणि कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी.

आत्याने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. मग क्षणभर हायसं वाटलं. पोर डोळ्यापासून चांगली चाळीस पावलं लांब उभी होती, बर्फ तिथे पक्का होता. आणि गेली होती तीही लांबच्या वळशाने. दादा जायचा नेमक्या त्याच वाटेने! हिला कुणी सांगितली ती वाट?

कुणीच नाही. समोरच्या बर्फावर ठसे उमटू नयेत, लॉजच्या पाहुण्यांचं चित्र नासू नये, म्हणून ती बिचारी वळसा घालून गेली होती. फोटोवाल्यांच्या त्या खुळ्या नियमाने तिला सुखरूप पोचवलं होतं.

आणि लगेच आत्याला पुढचं दिसलं. सूर्य वर आला, फोटो निघाला की नियम संपला. मग कसले ठसे आणि कसलं काय! पोर घोडी खांद्यावर टाकून सरळ लॉजकडे निघणार, नाकासमोर. आणि त्या सरळ वाटेवर, डोळ्यापासून लॉजशेजारच्या ओढ्यापर्यंत, झऱ्याचं कोमट पाणी बर्फाखालून वाहतं. वरून कळत नाही. वर तसाच पांढराशुभ्र, गुळगुळीत बर्फ, पण जाडी भाकरीएवढी. तिथेच दादा गेला होता.

म्हणजे सूर्य उगवेपर्यंत वेळ होता. त्यानंतर नाही.

आत्याच्या घशात हाक दाटून आली. तोंड उघडलंही. आणि तिने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

कारण चोवीस वर्षांपूर्वी तिने हाक मारली होती.

त्या सकाळी दादा काठ्या रोवून वळशाने परत येत होता, रोजच्यासारखा रमत गमत. आत्या पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. एवढ्यात तळ्यातून तोफ उडावी तसा आवाज झाला. उन्हं चढायला लागली की बर्फ असा बोलतोच, त्यात काही नसतं, दादाने तिला दहादा सांगितलं होतं. पण त्या क्षणी तिचं डोकंच चाललं नाही. ती जिवाच्या आकांताने किंचाळली, "दादा!" आणि दादाला वाटलं, पोरीला काहीतरी झालं. त्याने वळसा सोडला आणि तो सरळ तिच्याकडे धावत सुटला. ज्याने सगळ्यांना ती वाट बंद केली होती, तोच त्या वाटेने आला. अर्ध्यावर पोचला आणि दिसेनासा झाला.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले, बर्फ फसवा. तिने मान डोलावली.

आता हाक मारली तर पोर काय करेल? वळेल, आत्या ओरडतेय म्हणून घाबरेल आणि धावत सुटेल. सरळ. हात हलवले तरी तेच. लांबून हलणारा हात म्हणजे 'ये', एवढंच माणसाला कळतं.

"अरे वा! आपली चित्रकार कुठवर पोचली बघा!" मागून गडगडाट झाला. हे टोपीवाले. निवृत्त इंजिनिअर, अकरा हिवाळे न चुकता आलेले. कानांवरून टोपी ओढलेली असायची, त्यामुळे स्वतःचा आवाज त्यांना ऐकू यायचा नाही आणि ते दिवसभर सगळ्यांशी सभेत बोलावं तसे बोलायचे. त्यांनी तोंडाभोवती हाताचा कर्णा केला, छाती भरून श्वास घेतला. आत्याने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर पंजा दाबला.

"एक शब्द नाही," ती दातओठ खाऊन म्हणाली. "तिला हाक मारलीत तर ती मरेल. कळलं? कुणालाही ओरडू द्यायचं नाही. शिंकायचंही नाही."

टोपीवाल्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी मान हलवली आणि आत्याचा पंजा निघाला तिथे स्वतःचा हात ठेवला.

आत्याने दारामागची पहार ओढून काढली. चोवीस वर्षांत ती जड झाली होती, की आत्याच म्हातारी झाली होती, कोण जाणे. धक्क्याच्या शेवटच्या फळीवर ती आली. समोर पोरीचं पहिलं पाऊल होतं. आत्याने त्यात आपला पाय ठेवला.

बर्फ काही बोलला नाही. तिने दुसरा पाय ठेवला.

पोरीची पावलं लांब टांगांची होती, आत्याचे गुडघे कुरकुरे. प्रत्येक ठशात नेमका पाय पडावा म्हणून तिला जवळजवळ उड्या मारत जावं लागत होतं, आणि उडी तर मारायची नव्हती. पहार तिने दोन्ही हातांत आडवी धरली होती. बर्फ फुटलाच तर ती कडेला अडकते, हे दादानेच शिकवलेलं. घाम फुटत होता आणि गोठत होता. दहा पावलं मोजायची, मग खिंडीकडे बघायचं. खिंडीच्या कडा राखाडीच्या गुलाबी झाल्या होत्या. पुन्हा दहा पावलं. आता केशरी. सूर्याला तिने एवढ्या वर्षांत कितीदा शिव्या दिल्या असतील, आज उशीर केलास, आज ढगात लपलास. आज पहिल्यांदा ती त्याला म्हणत होती, बाबा, जरा थांब.

वळशाच्या मध्यावर तळं बोललं. तोच आवाज, पोटातून आलेला, या काठापासून त्या काठापर्यंत धावत गेलेला. आत्या जागच्या जागी खिळली. तिच्या जबड्यात कळ आली इतके तिने दात आवळले. भाचीने मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घातलं. मागे कोण आहे याचा तिला पत्ताही नव्हता.

आणि खिंडीत सूर्य आला.

आधी एक ठिणगी. मग ती पसरली आणि बर्फावरून उजेड धावत आला. डोळ्यातल्या काळ्या पाण्यात दुसरा सूर्य उगवला. एवढ्या वर्षांत आत्याने तो कधी पाहिला नव्हता. काठावरून तो दिसतच नव्हता. पोरीचं म्हणणं खरं होतं. पण आत्याला त्याचं काय! ती अजून साठ पावलं लांब होती आणि कॅमेऱ्याचा टकटक आवाज तिच्या कानावर येत होता. एक. दोन. तीन. मग बराच वेळ काही नाही. मग चौथा.

आणि मग भाची सरळ झाली. तिने हात झटकले, घोडीचे पाय मिटले, ती खांद्यावर टाकली. लॉजकडे तोंड केलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

आत्याच्या छातीतून ती जुनी हाक पुन्हा वर आली, तीच, तशीच. आत्याने ती गिळली. आणि लॉजच्या स्वयंपाकघरातून मीठ मागावं अशा आवाजात म्हणाली,

"ए बाई, चाललीस कुठे? माझा फोटो कोण काढणार?"

भाची थांबली. वळली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

आत्या बर्फावर! आणि फोटो मागतेय! फोटोवाल्यांच्या जिवावर चालणाऱ्या त्या लॉजात आत्याचा एक फोटो नव्हता. कुणी कॅमेरा रोखला की ती तोंडासमोर ताट धरायची.

"आत्या? तू इथे?"

"दिसत नाही का? ऊन चांगलं पडलंय तोंडावर. काढ लवकर, माझं मन बदलायच्या आत." आत्या हसली. ते हसू कुठून आलं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "पण आधी होतीस तिथे जा. आल्या पावली, मागे. त्याच ठशांत पाय ठेव. नवीन ठसा नकोय मला माझ्या फोटोत. तुम्हा लोकांचा नियम आहे ना?"

सरळ सांगितलं असतं की जीव धोक्यात आहे, तर पोर धावली असती. ठसा नको म्हटल्यावर ती खाली बघून, पाय नेमका जुन्या ठशात ठेवून मागे सरकली. एक. दोन. पक्क्या बर्फावर आली. तिने घोडी उघडली, कॅमेरा आत्याकडे फिरवला.

"हात खाली घे. पहार कशाला आणलीस गं?"

"असू दे. काढ."

टक.

"आता ये माझ्याकडे. तुझ्या जुन्या वाटेने. एकेक ठसा. घाई कसली आहे, चहा अजून व्हायचाय."

भाचीने घोडी उचलली आणि निघण्याआधी सहज मागे पाहिलं. लॉजच्या दिशेने टाकलेली तिची ती दोन पावलं आता पांढरी नव्हती. पहिलं करडं झालं होतं. दुसरं पाण्याने भरलं होतं, काळ्या.

तिने आत्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण ती ओरडली नाही, धावली नाही. साठ पावलं ठशात ठसा ठेवत आली. हाताच्या अंतरावर आली तेव्हा आत्याने पहारीचं टोक पुढे केलं आणि पोरीने ते धरलं. पुढे आत्या, मागे भाची, मधे पहार, अशा त्या दोघी वळशाने परत निघाल्या.

धक्क्याची फळी पायाला लागली आणि आत्या मटकन खाली बसली. पहार खणखणत फळ्यांवर पडली. भाची तिच्यासमोर उकिडवी बसली. लॉजच्या दारात टोपीवाले तसेच उभे होते, हात अजून तोंडावर.

"तुला माहीत होतं," भाची म्हणाली. "तिथे पातळ आहे हे."

"हो."

"मग हाक का नाही मारलीस? तू तर दूध उतू गेलं तरी सात खोल्यांना ऐकू जाईल अशी ओरडतेस."

आत्याने तळ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षं जपलेली गोष्ट तिला आणखी एक क्षणही पेलवेना.

"कारण त्या वेळी मारली होती," ती म्हणाली. "तुझा बाप वळशाने येत होता. नीट येत होता. बर्फ वाजला आणि मी घाबरून ओरडले. तो सरळ धावत आला माझ्याकडे. माझ्या हाकेपायी गेला तो. तुझा बाप मी घालवला, पोरी. सांगायचं धाडस नाही झालं. तू कधी विचारलंही नाहीस, आणि मी सुटले असं समजून गप्प बसले."

आत्याने मान खाली घातली. आता ही उठून जाईल, पिशवी भरेल, संध्याकाळची गाडी धरेल. गेली तर गेली. जिवंत आहे, एवढं पुरे.

"मी तुझ्या कडेवर होते," भाची शेवटी म्हणाली.

"हो."

"मला ती हाक आठवते." तिचा आवाज नेहमीसारखाच एवढासा होता. "अगदी कानात. शब्द नाही, नुसती किंकाळी. डोक्याच्या आतून आल्यासारखी. दुसरं काहीच आठवत नाही त्या दिवसातलं, तेवढीच आठवते. आत्या, मला वाटायचं ती मीच मारली. मी ओरडले, म्हणून बाबा गेले. म्हणून तर कधी विचारलं नाही तुला. मला वाटायचं, तुला ठाऊक आहे आणि तू मला सांभाळून घेतेस."

आत्याला आधी नीट कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. पडली तरी न रडणारी पोर, झोपेतसुद्धा तोंडावर हात ठेवणारी, शाळेत गाण्यात ओठ नुसते हलवणारी. आणि कौतुकाने सांगत फिरणारी ती स्वतः.

तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तू नव्हतीस," ती म्हणाली. "ऐकतेस ना? तू नव्हतीस गं. मी होते." आणि मग मोठ्याने, तळ्यापलीकडच्या खिंडीत आदळून परत येईल इतक्या मोठ्याने, पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली, "मी होते. मी होते."